फेऱ्यातला फेरा

व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला बेरीज मुद्दाम शिकवावी लागत नाही; गल्ल्यातील नाण्यांच्या आवाजाबरोबरच ती त्याच्या कानावर पडत असते. मात्र बेरजेचे शून्य कोठे मांडावयाचे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हे. जुन्या दिवाणजींना ती सवयीने ठाऊक होती. संगणकाला ती सांगावी लागते, आणि सांगताना एक ओळ वर राहिली तर काय होऊ शकते याची ही हकीकत आहे.

सांगलीच्या बाजारपेठेत तयार कपड्यांची एक जुनी पेढी. दुकानाच्या मागे मालाच्या तीन खोल्या, आणि प्रत्येक खोलीत चार लाकडी मांडण्या. आजोबांनी कारभार केव्हाच मुलाच्या स्वाधीन केला होता. ते सकाळी दोन तास येऊन बसत, इतकेच. दिवाणजी चाळीस वर्षांची नोकरी संपवून गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची हिशेबाची शिस्तही गेली. ही उणीव सर्वांत जास्त जाणवे ती दर महिन्याच्या आरंभी, बँकेला साठापत्रक देताना.

साठापत्रक म्हणजे काय, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच. तरीही तरुण मंडळींसाठी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढी सगळी रक्कम उचलता येते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. व्यापारी महिन्याच्या अखेरचा साठा बँकेला कळवतो. त्यातून उधारीवर आणलेल्या मालाचे देणे वजा होते. उरलेल्या रकमेतून बँक आपले मार्जिन राखते आणि जे उरते तेवढीच उचल करता येते. यालाच बँकेत ड्रॉइंग पॉवर म्हणतात. या पेढीची मंजूर मर्यादा २५ लाखांची होती आणि मार्जिन २५ टक्के. साठ्याचा आकडा चुकला की पुढचे सगळेच आकडे चुकणार, आणि त्या पत्रकाखाली सही मालकाची असते, संगणकाची नव्हे.

नात महाविद्यालयात संगणकाच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीच्या आधी सुट्टी लागली तेव्हा ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, साठ्याची बेरीज हाताने कशाला करता? मी प्रोग्रॅम लिहून देते. प्रत्येक मांडणीचा आकडा घातला की खोलीची बेरीज वेगळी येईल आणि तिन्ही खोल्यांची एकूण वेगळी." वडिलांना आनंद झाला. कोणत्या बापाला होणार नाही?

या कामाला लागते ते साधन म्हणजे लूप, आपल्या भाषेत फेरा. एकच काम पुन्हा पुन्हा करावयाचे असेल तर संगणकाला ते बारा वेळा लिहून द्यावे लागत नाही. "हे इतक्या वेळा कर" असे एकदाच सांगता येते. परंतु येथे फेरे दोन आहेत. एक खोल्यांचा, दुसरा त्या खोलीतील मांडण्यांचा. आणि दुसरा फेरा पहिल्याच्या पोटात आहे. इंग्रजी शिक्षणात याला नेस्टेड लूप म्हणतात. अनेक विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात, कारण दोन्ही फेरे बरोबरीने पुढे सरकतात अशी त्यांची कल्पना होते. पहिल्या खोलीची पहिली मांडणी, दुसऱ्या खोलीची दुसरी, तिसऱ्या खोलीची तिसरी, असे काहीसे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

प्रत्यक्षात माल मोजणारा गडी जसा चालतो तसाच संगणक चालतो. तो पहिल्या खोलीत शिरतो आणि चारही मांडण्या संपेपर्यंत बाहेर येत नाही. नंतर दुसऱ्या खोलीत जातो, आणि तेथे पाचव्या मांडणीपासून नव्हे, तर पुन्हा पहिल्या मांडणीपासून आरंभ करतो. बाहेरचा फेरा एक पाऊल पुढे टाकतो तेवढ्यात आतला फेरा पूर्ण होऊन पुन्हा मुळाशी येतो. घड्याळात हेच दिसते: मिनिटकाटा सबंध तबकडी फिरून येतो तेव्हा तासकाटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर पोहोचतो. तीन खोल्या आणि चार मांडण्या मिळून आतले काम बारा वेळा होते, सात वेळा नव्हे. फेऱ्यात फेरा घातला की गुणाकार होतो.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. चार्ल्स बॅबेजने आखलेले विश्लेषक यंत्र पूर्ण झालेच नाही, परंतु त्यावर १८४३ साली एडा लव्हलेस या विदुषीने ज्या टिपा प्रसिद्ध केल्या, त्यांत आवर्तनाच्या पोटातील आवर्तनाचा स्पष्ट विचार आहे. पुढे १९५७ साली फोरट्रान ही भाषा आली. तिच्यात आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे, वेगळे काही सांगितले नसेल तर, पूर्णांकांची मानली जात. गणितज्ञही क्रमांकांसाठी आय, जे हीच अक्षरे वापरत आले होते. म्हणून आजचे विद्यार्थीही बाहेरच्या फेऱ्याच्या मोजणीला आय आणि आतल्या फेऱ्याच्या मोजणीला जे म्हणतात. सवयी अशा टिकतात. नातीनेही आरंभी तसेच लिहिले होते. आजोबांना दाखवावयाचे म्हणून तिने ती नावे बदलून 'खोली' आणि 'मांडणी' अशी केली. हे तिने चांगले केले, कारण पुढची चूक त्या नावांमुळेच लवकर सापडली.

प्रोग्रॅम चालला. महिनाअखेरचा साठा ५८ लाख ५० हजार निघाला.

वडील हरखून गेले. मागच्या महिन्याचा आकडा सव्वासत्तावीस लाखांचा होता. पण दिवाणजी गेल्यापासून मोजणीत काहीतरी सुटत असावे, अशी त्यांना आधीपासूनच शंका होती. शिवाय मन जे मागते ते डोळ्यांना लवकर पटते. सुरतेच्या एका व्यापाऱ्याने लग्नसराईचा माल स्वस्तात देऊ केला होता, फक्त ५ लाख आगाऊ हवे होते. खात्यावर १६ लाखांची उचल आधीच झालेली. उधारीचे देणे साडेचार लाखांचे. साडेअठ्ठावन्नांतून ते वजा जाता ५४ लाख. त्यातून चौथा हिस्सा मार्जिनचा काढला तर साडेचाळीस लाख. म्हणजे २५ लाखांची संपूर्ण मर्यादा मोकळी, आणि अजून ९ लाख उचलता येणार! त्यांनी सुरतेला फोन करून होकार दिला आणि पत्रक सहीसाठी काढून ठेवले.

आजोबा आले, त्यांनी चष्मा लावला आणि पत्रक वाचू लागले. वडील म्हणाले, "आप्पा, या वेळी हाताने काही केलेले नाही. संगणक चुकत नाही."

आजोबांनी खोल्यांच्या बेरजा पाहिल्या: पहिली ११ लाख, दुसरी १९ लाख, तिसरी साडेअठ्ठावीस लाख. मग ते उठून मागे गेले, तिसऱ्या खोलीच्या दारात क्षणभर उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "या खोलीत साडेअठ्ठावीस लाखांचा माल कधी मावलेला मला आठवत नाही. पोरी, कागद आण."

आकडेमोडीच्या जगात या प्रश्नाइतके मोलाचे काही नसते. बेरीज बरोबर आहे का, हे नंतर पाहावयाचे; आधी आलेले उत्तर खोलीत मावते का, हे पाहावे. बँकेतील जुने अधिकारी गोदामाची पाहणी करताना कागदाआधी छताकडे आणि भिंतीकडे पाहत, ते यासाठीच.

नात म्हणाली, "आजोबा, आकडे मी दोनदा तपासलेत. एकही चुकलेला नाही."

"आकडे नाही तपासायचे. तुझा संगणक काय करतो ते आता तू कर. एकेक पाऊल. मी लिहितो."

त्यांनी हिशेबाच्या कागदावर चार रकाने आखले: खोली, मांडणी, खोलीची बेरीज, एकूण बेरीज. नात आपल्या प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचू लागली आणि आजोबा आकडा मांडू लागले. पहिल्या खोलीत ४, अडीच, ३ आणि दीड लाख. आरंभी शून्य होते, चौथ्या मांडणीनंतर ११ झाले. ते एकूण बेरजेत गेले, एकूण ११. सर्व ठीक. बाहेरचा फेरा एक पाऊल पुढे सरकला. खोली दुसरी, मांडणी पुन्हा पहिली. त्या मांडणीवर २ लाखांचा माल होता.

आजोबांनी लेखणी थांबवली. "आता खोलीच्या बेरजेत काय आहे?"

"दोन," नात म्हणाली. आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "नाही. अकरा आहेत. अकरा अधिक दोन, तेरा."

चूक सापडली होती. खोलीची बेरीज शून्य करणारी ओळ तिने दोन्ही फेऱ्यांच्या वर, एकूण बेरजेच्या शून्यापाशीच लिहिली होती. ती ओळ एकदाच घडली. मांडण्यांचा क्रमांक प्रत्येक खोलीत आपोआप १ वर आला, म्हणून बेरीजही आपोआप ० वर येईल, असे तिने गृहीत धरले. परंतु फेरा आपली मोजणी तेवढी नव्याने सुरू करतो. बाकीच्या पाट्या पुसण्याची जबाबदारी त्याची नाही. त्यामुळे दुसऱ्या खोलीच्या ८ लाखांत पहिलीचे ११ मिसळून १९ झाले, तिसऱ्या खोलीच्या साडेनऊत आधीचे १९ मिसळून साडेअठ्ठावीस झाले, आणि मग या फुगलेल्या तिन्ही आकड्यांची पुन्हा बेरीज होऊन साडेअठ्ठावन्न लाख. पहिली खोली तेवढी बरोबर होती. अशी चूक पहिल्या फेरीत कधी दिसत नाही. एकाच खोलीवर चाचणी घेणारा हमखास फसतो.

नातीने घाईघाईने ती ओळ खाली नेली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. एकूण साठा ४ लाख!

या वेळी मात्र आजोबा हसले. शून्याची ओळ खोलीचा उंबरठा ओलांडून थेट मांडणीपर्यंत गेली होती. आतल्या फेऱ्याच्या पोटात शिरल्यामुळे ती प्रत्येक मांडणीला पाटी कोरी करत होती, आणि खोलीच्या बेरजेत शेवटच्या मांडणीचाच माल उरत होता: दीड, एक आणि दीड लाख. पायथॉन या भाषेत कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे, हे समासाच्या जागेवरून ठरते. रूढी अशी की प्रत्येक पोटफेऱ्यासाठी चार चार घरे सोडून लिहावयाचे. चार घरांचा फरक, आणि व्यापारी दिवाळखोर दिसू लागतो.

तिसऱ्यांदा तिने ती ओळ विचार करून ठेवली. ती बाहेरच्या फेऱ्याच्या आत आली, पण आतल्या फेऱ्याच्या आधी राहिली, म्हणजे खोलीत पाऊल टाकल्यावर पण पहिल्या मांडणीला हात लावण्यापूर्वी. आता कागदावर आले ते असे:

पहिली खोली : ० + ४ + २.५ + ३ + १.५ = ११ लाख
दुसरी खोली : ० + २ + ३.५ + १.५ + १ = ८ लाख
तिसरी खोली : ० + ५ + २ + १ + १.५ = ९.५ लाख
एकूण : ० + ११ + ८ + ९.५ = २८.५ लाख

प्रत्येक खोलीच्या डोक्यावर एक शून्य, आणि एकूण बेरजेचे एकच शून्य, ते सर्वांच्या वर. आजोबांनी कपाटातून दिवाणजींची जुनी खातेवही काढली आणि नातीपुढे उघडली. पानाच्या तळाशी पानाची बेरीज होती. नवे पान कोऱ्या रकान्याने सुरू झाले होते. आणि 'मागील पानावरून' असे लिहून आणलेली रक्कम दुसऱ्याच रकान्यात स्वतंत्र मांडलेली होती. दिवाणजींनी लूप हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण कोणती रक्कम पानाबरोबर संपते आणि कोणती पानामागून पुढे चालते, याचा घोटाळा त्यांच्या हातून झालेला कोणाला आठवत नाही.

वडील हे सगळे उभे राहून ऐकत होते. साडेअठ्ठावीसांतून साडेचार गेले तर २४ लाख. मार्जिन वजा जाता १८ लाख. १६ तर उचललेलेच होते. उरले २ लाख. तासापूर्वी सुरतेला दिलेला शब्द ५ लाखांचा होता.

"आप्पा, पत्रक अजून बँकेत गेलेले नाही," ते एवढेच म्हणाले. त्या वाक्यात नेमके काय होते, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. मोह म्हणावा तर तो अगदी क्षणाचा होता, आणि बाजारात असे क्षण सर्वांच्याच वाट्याला येतात.

आजोबांनी उत्तर दिले नाही. चुकीचे पत्रक घडी करून त्यांनी खातेवहीत ठेवले आणि फोन मुलाकडे सरकवला. सुरतेच्या व्यापाऱ्याला वडिलांनी सरळ सांगितले की हिशेबात चूक झाली होती, आज २ लाखच पाठवता येतील, माल त्या मानाने द्यावा. पलीकडून थोडी कुरबुर झाली. मग माल कमी, पण त्याच भावाने देण्याचे ठरले.

त्या दिवसापासून आजोबा आणि नात यांची संध्याकाळची बैठक सुरू झाली. नातीने विचारले, की प्रत्येक मांडणीतील कप्प्यांचेही आकडे घ्यावयाचे झाले तर फेऱ्यात फेरा आणि त्यातही फेरा होईल. हे डोक्यात कसे ठेवावे? आजोबांनी शाळेतील मराठी व्याकरणाचा दाखला दिला. छंदशास्त्रात तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण आठ गण. पिंगलाच्या परंपरेत हे गण ज्या क्रमाने मांडतात तो म, य, र, स, त, ज, भ, न असा आहे. 'म' म्हणजे तिन्ही गुरू, 'य' म्हणजे पहिले लघू आणि पुढची दोन गुरू, 'र' म्हणजे मधले लघू, 'स' म्हणजे पहिली दोन लघू. नीट पाहिले तर पहिले अक्षर दर पावलाला बदलते, दुसरे दर दोन पावलांनी आणि तिसरे चार पावलांनी. पहिले अक्षर हा सर्वांत आतला फेरा, तिसरे हा सर्वांत बाहेरचा. नातीने हे संगणकावर करून पाहिले. तीन फेरे, आठ ओळी, आणि क्रम तोच. शाळेत गण पाठ करताना याची गंमत कोणी सांगितली असती, तर पुष्कळांचा वृत्तांवरचा राग कमी झाला असता.

पुढे नातीच्या मनात एक मोठा बेत आला. पेढीच्या खरेदीची वर्षाची बिले सुमारे ४,०००. तेवढ्याच नोंदी जीएसटीच्या संकेतस्थळावरील तक्त्यात. आपले प्रत्येक बिल घ्यावयाचे आणि तक्त्यातील प्रत्येक नोंदीशी ताडून पाहावयाचे, फेऱ्यात फेरा. आजोबांनी गुणाकार करावयास सांगितला: ४,००० गुणिले ४,०००, म्हणजे १ कोटी ६० लाख तुलना. बिल सापडताच आतला फेरा तेथेच सोडता येतो, आणि मग काम बरेचसे वाचते. परंतु त्या सोडण्याने आतलाच फेरा संपतो, बाहेरचा चालू राहतो. हेही नवशिक्यांना उशिरा कळते. आजची यंत्रे एवढ्या तुलना पाहता पाहता करतात, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण व्यापार दसपट वाढून बिले ४०,००० झाली तर तुलना १६० कोटी होतात. काम दसपट नव्हे, शंभरपट.

"दिवाणजी कसे जुळवत होते, आजोबा?"

"आधी दोन्ही गठ्ठे व्यापारीवार आणि बिलाच्या क्रमाने लावत. मग एक गठ्ठा डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. जुळले की दोन्ही बाजूंचे उलटायचे. नाही जुळले तर ज्याचा क्रमांक मागे, तेवढेच उलटायचे."

दोन्ही गठ्ठे एकदाच वरून खाली पाहिले जातात; फार तर ८,००० पावले. क्रम लावण्याची मेहनत वेगळी, पण तीही कोटीच्या जवळपास जात नाही. संगणक येण्यापूर्वी बँकांमध्येही व्हाउचरे आधी खातेक्रमाने लावून मगच खात्यांत चढवली जात, त्यामागे हीच काटकसर होती. प्रत्येक ठिकाणी फेऱ्यात फेरा घालण्याची गरज नसते, हे नातीला त्या संध्याकाळी पटले. तिने लिहिलेला पहिला प्रोग्रॅम पुसून टाकला नाही. दोन्ही चालवून कोणता किती वेळ घेतो ते तिला पाहावयाचे होते.

पुढील महिन्यात साठापत्रकाच्या वेळी एक नवी अडचण उभी राहिली. सुरतेचा माल ठेवण्यासाठी जिन्याखालची खोली रिकामी केली होती, आणि तिच्यात मांडण्या दोनच मावल्या. प्रोग्रॅम मात्र चौथ्या खोलीतही तिसरी मांडणी शोधत होता आणि ती न सापडल्याने थांबत होता. आतल्या फेऱ्याला 'चार वेळा' असे न सांगता 'या खोलीत जितक्या मांडण्या असतील तितक्या वेळा' असे सांगावे लागणार होते. नातीने आजोबांना हाक मारली नाही. तिने हिशेबाचा कागद घेतला, चार रकाने आखले आणि सर्वांत आधी शून्ये मांडली.